मैदान आणि दप्तर

आमच्या गंगापूर तालुक्यात ऊस पिकतो, कापूस पिकतो. लासूरला कांद्याचा बाजार भरतो, आणि वाळूजच्या कारखान्यांत कामाला जाणारी माणसंही आमचीच. पण आज मला बोलायचं आहे ते शाळेच्या मैदानावर घाम गाळणाऱ्या पोरापोरींविषयी.

आठवी-नववीपर्यंत मूल मैदानावर दिसतं. दहावीचं वर्ष उजाडलं की घरातून फर्मान निघतं, ‘आता खेळ बंद!’ मुलगी असेल तर हे फर्मान एक-दोन वर्षं आधीच निघतं. माझ्या मोहल्ल्यातलं घर असो की मळ्यातली वस्ती, यात फारसा फरक नाही. आईबापांचा हेतू वाईट नसतो. पोरगं शिकावं, चार पैसे मिळवावेत, एवढीच त्यांची आस असते. पण खेळ हा अभ्यासाचा वैरी आहे, हे आपण कशावरून ठरवलं?

शालेय स्पर्धांत आता कबड्डी, खो-खोच्या जोडीला सॉफ्टबॉल आणि बेसबॉलही आले आहेत. बेसबॉल हा अमेरिकेचा लाडका खेळ. तिथल्या टेक्सास राज्यात १९८४ पासून एक कायदा आहे. जो विद्यार्थी विषयात नापास होईल, त्याला काही काळ शाळेच्या संघातून खेळता येत नाही. अभ्यास सुधारला की तो पुन्हा मैदानावर. म्हणजे बघा, आपण म्हणतो, ‘अभ्यास करायचाय ना, मग खेळ सोड.’ ते म्हणतात, ‘खेळायचंय ना, मग अभ्यास कर.’ शब्द तेच, पण त्यांचा क्रम बदलला की मुलाचं अख्खं वर्ष बदलतं. खेळाच्या ओढीनं ते पुस्तक हातात घेतं.

या खेळातली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. दहा वेळा बॅट घेऊन उभा राहिलेला खेळाडू तीनदा यशस्वी झाला, तरी तो चांगला फलंदाज मानला जातो. उरलेल्या सात वेळा तो मान खाली घालून परततो, आणि पुन्हा आपली पाळी आली की उभा राहतो. मी काही खेळाडू नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. पण एक ओळ जमण्यासाठी किती ओळी खोडाव्या लागतात, हे मला ठाऊक आहे. एका चाचणीत कमी गुण पडले म्हणून खचून जाणाऱ्या मुलांना ही गोष्ट कोण शिकवणार? गाईडमध्ये ती नसते. ती मैदानावरच शिकायला मिळते.

लांबचं कशाला, आपल्या मराठवाड्यातलीच सारिका काळे बघा. तेव्हाच्या उस्मानाबादची, म्हणजे आजच्या धाराशिवची ही मुलगी. घरची परिस्थिती हलाखीची. तेराव्या वर्षी मामा-काकांच्या पिढीतल्या माणसानं तिला खो-खोच्या मैदानावर नेलं. जवळजवळ दहा वर्षं दिवसाला एकाच वेळच्या जेवणावर काढली, असं तिनं स्वतःच पुढं सांगितलं. तिच्याच नेतृत्वाखाली २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी सुवर्णपदक जिंकलं. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा मान बावीस वर्षांनी मिळत होता. त्या वेळी ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होती. उपाशीपोटी धावणारी पोर इतरांच्या खेळाची काळजी वाहणाऱ्या खुर्चीवर बसली, ही मला पदकाइतकीच मोठी गोष्ट वाटते.

आणि खाशाबा जाधव तर आपल्या सगळ्यांचे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल कराडच्या टिळक हायस्कुलात शिकला, पुढं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते. तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी स्वतःचं छप्पर गहाण टाकणारा प्राचार्य ज्या महाराष्ट्रात होऊन गेला, तिथं आपण मुलाला रोजचा एक तास देऊ नये?

आज दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पण केवळ त्यासाठी खेळा, असं मी म्हणणार नाही. प्रत्येक मूल काही सारिका किंवा खाशाबा होणार नाही. बहुतेकांच्या वाट्याला तालुक्याच्या स्पर्धेतलं एखादं प्रमाणपत्र येईल, तेही पुढं पेटीच्या तळाशी जाईल. मात्र पहाटे उठायची सवय, हरल्यावर समोरच्याशी हात मिळवायची रीत, संघातल्या सोबत्याची जात-पात न विचारता त्याच्याकडं चेंडू फेकायची सवय, या गोष्टी पेटीत पडून राहत नाहीत. त्या जन्मभर कामाला येतात.

म्हणून आईबापांना माझी एवढीच विनंती आहे. दहावीचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवाल, तेव्हा त्यात संध्याकाळचा एक तास मैदानासाठी लिहा. आणि घरात मुलगी असेल, तर तो तास आधी तिच्या नावानं लिहा.