संसार आणि गणित
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या लेकी-सुना आज संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करतात. पहिले मूल झाले की घरोघरी प्रश्न उभा राहतो, नोकरी ठेवावी की सोडावी? आणि सोडली, तर शिकलेले सारे वाया गेले काय? याचे उत्तर आपण आपल्याच पुण्यात राहून गेलेल्या एका आईच्या आयुष्यात शोधू या. त्या म्हणजे गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर. १७ जुलै २०२३ रोजी वयाच्या ८० व्या वर्षी त्या आपल्यातून गेल्या. त्या स्वतः संगणकवाल्या नव्हत्या. पण संगणकाच्या विद्येचे मूळ गणितातच आहे, आणि त्यांच्या तीन मुलींपैकी दोघींनी पुढे तीच विद्या घेतली.

मंगलाताईंचा जन्म १९४३ साली मुंबईत झाला. १९६४ साली मुंबई विद्यापीठाच्या एम. ए. परीक्षेत त्या गणितात पहिल्या आल्या व त्यांना कुलपतींचे सुवर्णपदक मिळाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांचे संशोधन सुरू झाले. पुढे जयंतरावांशी विवाह होऊन त्या केंब्रिजला गेल्या. तेथेही १९६७ ते १९६९ पर्यंत त्यांनी विद्यार्थ्यांना गणित शिकवले. १९७२ साली हे कुटुंब भारतात परतले. मुली लहान, घरात वडीलधारी माणसे, असा भरला संसार त्यांनी मनापासून केला. मात्र वही मिटून ठेवली नाही. घर सांभाळून त्या पुन्हा संशोधनाकडे वळल्या आणि १९८१ साली, वयाच्या ३८ व्या वर्षी, संख्यांच्या सिद्धान्तावरील प्रबंधासाठी त्यांना पीएच. डी. मिळाली.

सुवर्णपदक १९६४ चे, पीएच. डी. १९८१ ची. मधली १७ वर्षे गेली कोठे? ती संसारात गेली. आपली कहाणी म्हणजे घराला आधी मान देणाऱ्या आपल्या पिढीतील अनेक सुशिक्षित स्त्रियांचीच कहाणी, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यात तक्रारीचा सूर नाही. पण भगिनींनो, त्यांनी तक्रार केली नाही म्हणून आपण नुसते कौतुक करून मोकळे व्हावे काय? सुवर्णपदक मिळवलेल्या मुलाला आपण कधी १७ वर्षे थांबायला सांगितले असते का?

पुण्यात आल्यावर त्यांनी विद्यापीठात शिकवले, आणि शाळकरी मुलांसाठी ‘गणिताच्या सोप्या वाटा’ हे पुस्तक लिहिले. बालभारतीच्या गणित समितीच्या त्या अध्यक्षा होत्या. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टला ‘साठ तीन’ असेही म्हणावे, असे सुचवले गेले, तेव्हा केवढे वादळ उठले ते आपल्याला आठवत असेल! कारण मात्र साधे होते. ‘त्रेसष्ट’ म्हणताना मुलाच्या कानावर आधी तीन पडतात, लिहायचे असतात आधी सहा. मग बिचारे ६३ च्या जागी ३६ लिहून बसते. मंगलाताईंनी टीका ऐकून घेतली व आपले म्हणणे शांतपणे समजावून सांगितले. ती सूचना कोणाला पटो वा न पटो, मूल नेमके कोठे अडखळते हे पाहण्याची दृष्टी आईची होती, आणि त्यावर उपाय शोधणारी बुद्धी गणितज्ञाची.

म्हणून मला वाटते, घरात गेलेली वर्षे वाया जात नाहीत, पण परतीची वाट मात्र उघडी असावी लागते. ती वाट उघडी ठेवणे आपल्या हाती आहे. सून अभ्यासाला किंवा कामाला बसली असता दोन तास नातवंड सांभाळले, तर ते सुनेवर उपकार नव्हेत. मुलानेही स्वयंपाकघरात हात लावला, तर त्यात कमीपणा नाही. आणि चार-पाच वर्षांनी ती पुन्हा नोकरीला निघाली, तर ‘आता कशाला?’ हे दोन शब्द तरी आपल्या तोंडून निघू नयेत.

या वर्धापनदिनी आपण एवढा जरी निश्चय केला, तरी मंगलाताईंचे स्मरण सार्थकी लागेल.