पातेऱ्यातली गोगलगाय आणि शेतातली शंखी

पाऊस लागला की भाजीच्या वाफ्यात गोगलगायी दिसू लागतात आणि आपला हात मिठाच्या डब्याकडे जातो. 2022 च्या पावसाळ्यात लातूर भागात सोयाबीनचे कोवळे कोंब गोगलगायींनी फस्त केले, कित्येकांवर दुबार पेरणीची वेळ आली. तेव्हा हा राग आम्हाला कळतो. पण आज आम्ही बोलणार आहोत ते रानातल्या गोगलगायींबद्दल, ज्यांनी आपलं काहीच बिघडवलेलं नाही.

आंबोलीसारख्या ओल्या रानात झाडाखालचा पातेरा हळूच उचलून बघा. ज्वारीच्या दाण्याएवढे, काही तर मोहरीएवढे शंख दिसतील. पश्चिम घाटात जमिनीवरच्या गोगलगायींच्या अडीचशेच्या वर जाती नोंदल्या गेल्यात आणि त्यांतल्या बऱ्याचशा जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. कारण साधं आहे. उन्हातलं माळरान ओलांडून पलीकडच्या डोंगरावर जायचं तर वाटेतच तिचं अंग सुकायचं. माहेर सोडून सासरी जाणं तिच्या नशिबीच नाही म्हणा ना! आंबोलीतल्या एका गोगलगायीला तर 2021 मध्ये नाव मिळालं, वराडिया आंबोलीएन्सिस. तिचा शंख इतका तोकडा, की सगळं अंग आत मावतच नाही.

या रानातल्या बहुतेक जणी कुजका पाला नि बुरशी खातात. काही मात्र शिकारी, दुसऱ्या गोगलगायींनाच खातात. रिकाम्या शंखांचा चुना पुन्हा मातीला मिळतो.

उन्हाळ्यात त्या दिसत नाहीत, म्हणून मेल्या असं समजू नका. शंखाचं तोंड बंद करून पातेऱ्याखाली, दगडाखाली झोपलेल्या असतात. नेमका तेव्हाच वणवा लागतो. पाखरू उडून जातं, ससा पळतो, ही जागीच भाजते. आणि त्या डोंगराखेरीज ती कुठे नसेल, तर पुन्हा येणार कुठून? म्हणून गवतासाठी रान पेटवू नका. राबाला पाला आणताना देवराईतला आणि ओढ्याकाठचा पातेरा तेवढा सोडा.

आता शेतातली शंखी. मोठी आफ्रिकी शंखी आपल्याकडची नव्हेच, 1847 साली ती कलकत्त्यात आणली गेली आणि तिथून पसरली. तिची पिल्लंही बारीकच असतात, तेव्हा आकारावर जाऊ नका, जागा बघा. वाफ्यात, बांधावर, उकिरड्याजवळ सापडली तर वेचा. दाट रानातल्या पातेऱ्यात असेल तर राहू द्या.

वेचायची रीत अशी. संध्याकाळी गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून बांधाकडेला ठेवा. सकाळी उलटून खाली जमलेल्या गोळा करा, मिठाच्या पाण्यात टाका आणि मग खड्ड्यात पुरा. विषारी गोळ्या टाकल्यात तर कुत्री, कोंबड्या त्या खाऊन दगावतात. आणि उघड्या हाताने शंखी उचलू नका, तिच्या अंगात माणसाला बाधणारे कृमी असू शकतात. हातमोजे नसले तर प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळा, आणि पोरांना त्यात हात घालू देऊ नका.