घामाचा हिशेब आणि वाजवी भाव

(नाशिकजवळील एका गांवीं, माळीकाम करणाऱ्या व यंत्रानें गवत कापणाऱ्या मंडळींच्या बैठकींत केलेलें भाषण)



मी कांहीं विद्वान् वक्ता नाहीं. बंगल्यापुढची हिरवळ, सोसायटीची बाग, लग्नाचीं लॉन्स व कारखान्यांचीं आवारें कापून देणें हा माझा धंदा आहे, आणि आज बोलावयाचें तें त्याच धंद्याबद्दल. आपल्यापैकीं पुष्कळांजवळ आतां यंत्र आलें आहे. कोणी कर्ज काढून घेतलें, कोणी बायकोचा दागिना मोडून घेतलें. परंतु यंत्र आलें म्हणून घरांत पैसा आला काय ? याचें उत्तर ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं द्यावें. माझें उत्तर मी उघड सांगतों : पहिलीं दोन वर्षें मी राबलों, लोकांच्या हिरवळी तुळतुळीत केल्या, आणि शेवटीं पाहतों तों हातांत कर्जाची चिठ्ठी. याचा दोष मी यंत्राला देत नाहीं, नशिबाला तर मुळींच देत नाहीं. दोष माझ्या भावाचा होता. मी भाव ठरविला नव्हता. मी तो उचलला होता.

भाव कोठून आला ?

शेजारच्या आळींतील एकजण पांच गुंठ्यांची हिरवळ साडेतीनशें रुपयांस कापीत असे. काम आपल्याकडे यावें म्हणून मीं तीनशें सांगितले. बस्स, एवढाच माझा विचार. त्यानें साडेतीनशें कोणत्या हिशेबानें लावले होते, हें मीं त्याला विचारलें नाहीं. पुढें ओळख वाढल्यावर विचारलें, तेव्हां कळलें कीं त्यानेंहि दुसऱ्या कोणाचे चारशें ऐकून पन्नास कमी केले होते ! म्हणजे आंधळ्याच्या काठीला धरून आंधळा, आणि दोघेहि विहिरीच्या वाटेनें.

बंधूंनो, ही खोड आपल्यांत जुनी आहे. बलुतेदारींत कारागिरानें वर्षभर काम करावें आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य घ्यावें, अशी रीत होती. अमुक कामाचे अमुक, असें त्यानें तोंडानें सांगावयाचें नसे. पुढच्यानें सुपांत टाकलें तें आपलें. ती रीत गेली. परंतु "तुम्ही समजून द्या, साहेब" हें वाक्य आमच्या तोंडांतून अजून गेलें नाहीं. मीहि तें पुष्कळ वेळां बोललों आहें. समजून द्या म्हणणें हा नम्रपणा नव्हे. आपला हिशेब दुसऱ्याच्या मर्जीवर सोंपविणें आहे. आणि ज्याला आपल्या कामाचा खर्च ठाऊक नाहीं, त्याला भाव मागतांना जीभ अडखळणारच.

कारभारणीची वही

दुसऱ्या पावसाळ्यांत ऐन श्रावणांत माझें यंत्र बंद पडलें. इंजिन धरलें. दुरुस्तीपेक्षां नवें बरें, असें मिस्त्रीनें सांगितलें. पण नव्याला पैसे कोठें होते? ज्यांच्याकडे मी दोन वर्षें स्वस्तांत राबलों होतों, त्या एका बंगल्याच्या मालकाकडे आगाऊ रक्कम मागावयास गेलों. ते म्हणाले, "तुझा भाव तूंच सांगितलास, मीं कोठें कमी केला ?" मला राग आला, पण वाटेंत विचार करतां त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें.

त्या रात्रीं आमच्या कारभारणीनें मुलाची जुनी वही काढली आणि एकेक बाब विचारून लिहीत गेली. तिनें शेवटीं विचारलेला प्रश्न मी जन्मभर विसरणार नाहीं. ती म्हणाली, "पेट्रोल लिहिलें, तेल लिहिलें, मिस्त्री लिहिला. यांत तुमची मजुरी कोठें आहे ?"

तोच हिशेब आज तुमच्यापुढें मांडतों. आंकडे माझे आहेत. तुमचे निराळे असतील. रीत तेवढी घ्या.

एका तासाचा खर्च

आधीं वेळ. घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत आठ-नऊ तास जातात. पण गवतावर यंत्र चालतें तें फार तर पांच तास. बाकीचा वेळ येण्याजाण्यांत, पातें घांसण्यांत, गिऱ्हाइकाशीं बोलण्यांत आणि राहिलेले पैसे मागण्यांत जातो. तसेंच वर्षाचे सर्व दिवस कापणी नसते. मुसळधार पावसांत ओलें गवत यंत्रांत गोळा होऊन अडकतें. उन्हाळ्यांत पाणी कमी पडलें कीं गवत वाढतच नाहीं. मीं वर्षाचे २०० दिवस धरले. २०० दिवस, रोज ५ तास, म्हणजे १,००० तास. वर्षाचें घर या हजार तासांवरच चालावयाचें.

आतां मजुरी. रोजचे ८०० रुपये, महिन्याचे २५ दिवस, तर वर्षाचे २,४०,००० रुपये झाले. यांत कांहीं चैन नाहीं. एका घराचें पोट, शाळा आणि दुखणेंबाणें. हजार तासांनीं भागिलें तर तासाला २४० रुपये.

मग यंत्र. ढकलण्याचें यंत्र ३०,००० चें आणि कडा कापण्याचा ब्रश कटर १२,००० चा, मिळून ४२,०००. दोन्ही १,४०० तास नीट चाललीं असें धरलें, तर तासाला ३० रुपये झिजतात. हे पैसे आज कोणी मागावयास येत नाहीं, म्हणून आपण ते खातों. ज्या दिवशीं यंत्र बसतें, त्या दिवशीं तें सगळे एकदम मागतें. माझें झालें तें हेंच.

पेट्रोल तासाला पाऊण लीटर व भाव शंभर रुपये धरला तर ७५. इंजिनाचें तेल, पातें, प्लग, फिल्टर, ट्रिमरची दोरी यांचे २५. ब्रश कटर दोन स्ट्रोकचा असेल, तर पेट्रोलांत लीटरमागें साधारण २० ते २५ मिलीलीटर तेल मिसळावें लागतें. यंत्राच्या पुस्तिकेंत सांगितलें असेल तेंच प्रमाण धरावें. तेल वांचवावयास गेलें कीं इंजिन जातें. येण्याजाण्याचे तासामागें ३०.

आतां बेरीज करा. २४०, ३०, ७५, २५ आणि ३० मिळून ४०० रुपये. अडीअडचणीस व धंदा वाढविण्यास दहावा हिस्सा म्हणून ४० ठेवले, तर तासाचा भाव ४४०.

पांच गुंठ्यांच्या त्या हिरवळीला मला दीड तास लागत असे. म्हणजे वाजवी भाव ६६० होता, आणि मी घेत होतों ३०० ! त्यांतून मजुरी सोडून इतर खर्च दीड तासाचा २४० रुपये. उरले ६०. म्हणजे तासाला ४० व दिवसाला २०० रुपये. बांधावर खुरपें घेऊन गेलों असतों तर याहून जास्त मिळाले असते, आणि यंत्राचें कर्जहि झालें नसतें.

काम डोळ्यानें नव्हे, घड्याळानें मोजा

कित्येक म्हणतात, गुंठ्यावर भाव लावला म्हणजे झालें. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, १,०८९ चौरस फूट. हें मोजमाप सर्वांस कळतें हें खरें. परंतु १८ इंची यंत्राचा पट्टा पट्ट्यावर थोडा चढवावा लागतो, म्हणून कामाचे १५ इंच राहतात. एका गुंठ्यांत असे २७ पट्टे, म्हणजे सुमारें २७० मीटर चालणें. पांच गुंठ्यांना १,३५० मीटर. हें चालणें अर्ध्या तासाचें. मग दीड तास कोठें जातो ? वळणांत, पेटी रिकामी करण्यांत, झाडांच्या आळ्यांभोंवतीं, फुलांच्या वाफ्यांच्या कडेनें, भिंतीलगत आणि शेवटीं झाडून काढण्यांत. लग्नाचें मोकळें मैदान आणि पंचवीस झाडांची बाग यांचें क्षेत्र सारखें असलें, तरी काम सारखें नाहीं. सबब, नव्या ठिकाणीं पहिल्या दिवशीं घड्याळ लावून काम करावें, आणि गिऱ्हाइकास आधींच सांगावें कीं, पहिल्या खेपेनंतर कायमचा भाव ठरेल.

गवताच्या उंचीचेंहि तसेंच. एका वेळीं पात्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापूं नये. जास्त कापलें तर गवत पिंवळें पडतें, मुळें दुबळीं होतात. पावसाळ्यांत आठवड्याला कापणी हवी. कोणी महिनाभर न बोलावतां गुडघाभर गवत झाल्यावर बोलावील आणि नेहमींचा भाव देऊं म्हणेल, तर तें वाजवी नाहीं. तें काम दोन-तीन खेपांत उतरवावें लागतें. जितका वेळ तितके पैसे.

यावर उत्तम तोड वर्षाच्या ठरावाची. पावसाळ्यांत १६ खेपा, पुढच्या चार महिन्यांत ८, उन्हाळ्यांत ६, एकूण ३०. ६६० प्रमाणें १९,८०० रुपये, म्हणजे महिन्याला १,६५०. गिऱ्हाइकास दर महिना सारखी रक्कम, आणि आपल्या घरीं चैत्र-वैशाखांतहि चूल पेटती. मात्र हा ठराव कागदावर असावा : खेपा किती, कापलेलें गवत कोणीं न्यावयाचें, पैसे कोणत्या तारखेस. तोंडी ठरावांत गरिबाची आठवण नेहमीं चुकीची ठरते.

वाजवी म्हणजे दोघांना वाजवी

आतां दुसरी बाजू. बंगला मोठा, दारांत मोटार दिसली, कीं कांहीं मंडळी भाव दुप्पट सांगतात. मी हें चांगलें समजत नाहीं. ज्याला आपल्या घामाचें मोल हवें, त्यानें दुसऱ्याच्या खिशाचा अंदाज घेऊन भाव बदलूं नये. सारख्या कामास सारखा भाव. मग मालक कलेक्टर असो कीं शाळेचा शिपाई असो. त्यानें विचारलें, तर वही उघडून दाखवितां आली पाहिजे. ज्या भावाचें कारण सांगतां येतें, तो भाव मागतांना मान खालीं जात नाहीं.

सूट द्यावी काय ? अवश्य द्यावी, पण कारणानें. एका गल्लींत चार घरें मिळालीं तर येण्याजाण्याचा खर्च वांचतो. तो वांचलेला पैसा गिऱ्हाइकास सोडावा. गांवच्या शाळेचें पटांगण वर्षांतून एकदां फुकट कापावें, मी कापतों. पण वहींत लिहितों : शाळेस दिलें, इतकें. दान आहे हें ठाऊक असून द्यावें. नकळत रोज दान करीत राहिलें तर त्याला दिवाळें म्हणतात.

"दुसरा चारशेंत करतो" असें गिऱ्हाईक म्हणेल. त्या दुसऱ्याची निंदा करूं नका. त्याचें यंत्र रुंद असेल, त्याचीं घरें जवळजवळ असतील. तसें असेल तर त्याला खरोखरच परवडतें, आणि आपण त्याच्यापासून शिकावें. नाहीं तर त्यानें हिशेब केला नसेल. मग त्याच्या घरीं जाऊन वही दाखवावी. तो आपला वैरी नव्हे. आपण सर्वांनीं मिळून एकच भाव बांधावा, अशी सूचना मघां येथें आली. ती मला मान्य नाहीं. २००२ चा स्पर्धा कायदा धंदेवाल्यांच्या भाव बांधण्याच्या कराराविरुद्ध आहे. आणि कायदा बाजूस ठेवला तरी, ज्याचा खर्च कमी त्यानें जास्त कां घ्यावें? हिशेबाची रीत मात्र एकमेकांस शिकवूं, भारी यंत्र चौघांत मिळून घेऊं, एकाचें बंद पडलें तर दुसऱ्यानें दोन दिवस आपलें द्यावें. एवढी एकी पुरे आहे.

शेवटचें बोलणें आपल्यांतल्याच मालकांशीं. तुमच्यापैकीं कांहींजण आतां हाताखालीं गडी ठेवतात. गड्याची मजुरी, त्याचा बूट, डोळ्याचा चष्मा हे खर्च भावांत आधीं धरा. पात्याखालून उडालेला खडा डोळा घेऊन जातो; चष्म्याचे पैसे वांचविण्याची ती जागा नव्हे. मालकाला कमी भाव सांगावयाचा आणि ती खोट गड्याच्या रोजांतून भरून काढावयाची, असें करणारा मनुष्य आपल्यावर झालेलाच अन्याय पुढच्याच्या पाठीवर देतो. ज्यानें आपल्या घामाचा हिशेब मांडला, त्यानें दुसऱ्याच्या घामाचा मांडलाच पाहिजे.

तेव्हां, बंधुभगिनींनो, आज घरीं गेल्यावर एक वही करा. लिहितां येत नसेल तर मुलीला सांगा, ती लिहील. पहिल्या ओळींत पेट्रोल लिहूं नका. पहिल्या ओळींत आपली मजुरी लिहा, आणि मग बाकीचें. माझें नवें यंत्र याच वहीनें घेतलें आहे, कर्ज न काढतां. तें बाहेर उभें आहे, ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं पाहावें.

इतकें बोलून मी आपली रजा घेतों.