छप्पन्न मातांचा हिशेब

गरोदरपणीं रक्तदाब वाढून लघवींतून प्रथिन जाऊं लागलें, तर तें दुर्लक्ष करण्याजोगें लक्षण नव्हे. या विकारांतून कांहीं स्त्रियांना झटके येतात आणि माता व बालक दोघांच्याहि जिवावर बेततें. मॅग्नेशियम सल्फेट हा स्वस्त क्षार आधींच दिल्यास झटके टळतील काय, हा प्रश्न एकट्या रुग्णालयास सुटण्याजोगा नव्हता; कारण झटके येतात ते शंभरांतील एकदोघींनाच.

म्हणून 1998 सालीं ‘मॅगपाय’ नांवाची चांचणी सुरू झाली. भारतासह 33 देशांतील 175 रुग्णालयें तींत सामील झालीं. त्यांची माहिती ऑक्सफर्ड येथें एकत्र होई. कोणीस क्षार आणि कोणीस औषधहीन द्रव द्यावयाचा, हें केवळ यदृच्छेनें ठरे. देणाऱ्या डॉक्टरांनाहि तें ठाऊक नसे. नोंदीचा नमुना सर्वत्र एकच होता.

10,141 स्त्रियांपैकीं 10,110 जणींची हकीकत हातीं आली. राहिली ती अवघ्या 31 जणींची. 2002 सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: क्षार मिळालेल्यांपैकीं 40 जणींना झटके आले, तर न मिळालेल्या तितक्याच स्त्रियांपैकीं 96 जणींना. हा 56 जणींचा फरक 175 रुग्णालयांत वांटला, तर प्रत्येकीं एकहि भरत नाहीं. एकेकट्या रुग्णालयास तो कधींच दिसला नसता. आणि शेंकडों नोंदी गहाळ झाल्या असत्या, तर सर्व एकत्र करूनहि त्यावर विश्वास बसला नसता. प्रसूतिगृहांत निगुतीनें भरलेला साधा रकाना हाहि मातेच्या शुश्रूषेचाच भाग होय, तो यासाठीं.