धावपट्टीवरील मूक सेवक



युद्धात कीर्ती लाभते ती विमानाला. त्याला इंधन पुरविणारा टँकर, बाँब वाहणारा ट्रक आणि धावपट्टीकाठी सज्ज असणारा अग्निशामक बंब यांची नोंद क्वचितच होते. वस्तुतः इंधनावाचून बलाढ्य विमानही भुईला भारच!

मदन महलच्या रहिवाशांना हे परके नाही. जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत १९५९ पासून जर्मन ‘मान’ कंपनीच्या सहकार्याने ‘शक्तिमान’ ट्रक बनू लागले. १९६९ मध्ये स्वतंत्र वाहन कारखाना उभा राहिला. १९७१ च्या युद्धात सैन्यदलांचा भार याच ट्रकांनी वाहिला. पुढे त्यांचे उत्पादन थांबले.

जुनी विमाने संग्रहालयात विराजतात, ट्रक भंगारात जातात. ते घडविणाऱ्या हातांच्या आठवणी तरी मंडळाने वेळीच लिहून घ्याव्यात, अशी आमची नम्र विनंती आहे.