मूळ वही कोणाची?

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात पाचव्या दिवशी केलेलं भाषण)

दिंडीच्या शंभर वर्षांबद्दल बोला, असं आम्हाला सांगण्यात आलं. दिंडी कोणी काढली, पहिल्या साली किती माणसं निघाली, मुक्काम कुठं कुठं पडले, हे सगळं काल-परवाच्या वक्त्यांनी चांगलं सांगितलं. तेच परत उगाळण्यात अर्थ नाही. आम्ही एका वहीबद्दल बोलणार आहोत.

आपल्या मूळपुरुषांची, मोठ्या बाबांची वही. तुम्ही सर्वांनी ती पाहिलेली आहे, पण लाल बासनात बांधलेली. बासन सोडून आतलं पान पाहिलेली माणसं आज बोटावर मोजण्याइतकी. बाबांच्या पुण्यतिथीला वही चौरंगावर येते, हार पडतो, बुक्का लागतो, आरती होते, आणि वही परत कपाटात. त्या वहीत वाटचालीचे अभंग कोणत्या दिवशी कोणते घ्यायचे तो क्रम आहे, चालींच्या खुणा आहेत, आणि बाबांनी स्वतः केलेले अभंग आहेत. मागच्या साली महिला भजनी मंडळानं वही उतरवून घेण्यासाठी मागितली. उत्तर मिळालं, वही बाहेर जात नाही. धडगावकडचा एक पोरगा आपल्या दिंडीत पखवाज वाजवतो, चालींच्या खुणा पाहू द्या म्हणाला, त्यालाही तेच उत्तर. तेव्हा एक आजी बोलून गेली, "आमले वाचता नही येस, पन आयकता तं येस ना?" सारी बैठक गप्प झाली. आजीच्या त्या सवालावर आज बोलायचं आहे.

पहिल्यांदा एक गोष्ट साफ करतो. ज्या घरानं वही सांभाळली त्या घरावर आमचा राग नाही. उंदीर, वाळवी, गळकं छप्पर, भावाभावांच्या वाटण्या, एवढ्यातून वही शंभर वर्षं टिकवणं हे काही सोपं काम नाही. त्यांचे उपकारच आहेत. आणि त्यांची भीती पण खोटी नाही. वही बाहेर गेली तर एखादा शहाणा शब्द बदलील, दुसरा शेवटच्या चरणात आपलंच नाव घालील, तिसरा छापून बाजारात विकील. मग बाबांचं कोणतं आणि लोकांचं कोणतं, कसं ओळखायचं? ही भीती पुष्कळ जुनी आहे. म्हणून मागच्यांनी काय केलं ते पाहू.

ज्ञानेश्वर माउलींनी नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली. पुढं सुमारे तीनशे वर्षं ती हातानं उतरवली गेली. एकानं उतरवताना एक शब्द चुकवला, दुसऱ्याला एखादी ओवी अवघड वाटली म्हणून त्यानं सोपी केली, तिसऱ्याला स्फुरण चढलं, त्यानं आपली ओवी घातली. मूळ ग्रंथ ओळखू येईना. तेव्हा पैठणला एकनाथ महाराजांनी, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती मिळवल्या, ताडून पाहिल्या आणि शुद्ध पाठ सिद्ध केला. यापुढं यात कोणी आपली ओवी घालू नये, असा कडक इशारा पण त्यांनी लिहून ठेवला.

आता इथं नीट ध्यान द्या. नाथांनी ग्रंथ शुद्ध केला, इशारा दिला, आणि ग्रंथ कुलूपात ठेवला का? नाही ठेवला. शुद्ध प्रत लोकांना दिली. त्या प्रतीवरून प्रती झाल्या, गावोगाव पारायणं झाली. १८४५ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापली, आणि आज आमच्यासारख्या चौथी शिकलेल्या शेतकऱ्याच्या घरात ती आहे. पाठ राखायचा पण दार उघडं ठेवायचं, ही नाथांची रीत. ग्रंथाची राखण आणि ग्रंथाची अडवण ही दोन वेगवेगळी कामं आहेत, हे नाथांनी करून दाखवलं.

दुसरी गोष्ट आपल्या शेजारच्या घरची, महानुभाव पंथाची. आपल्या खानदेशात या पंथाची पुष्कळ घरं आहेत, आपले सोयरे आहेत, कोणाची माय, कोणाची सून त्या घरची आहे. म्हणून आदरानंच सांगतो. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी मूळचे आपल्या शेजारच्या गुजरातचे. महाराष्ट्रात पायी हिंडले, मराठीत बोलले, बायाबापड्यांना जवळ बसवून ज्ञान सांगितलं. स्वामींनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्यांच्या मागं म्हाइंभटांनी ज्याला जे आठवत होतं त्याच्याकडून ते विचारून, पायपीट करून लीळाचरित्र तयार केलं. केसोबासांनी स्वामींची वचनं वेगळी काढून सूत्रपाठ केला. केसोबास संस्कृतात लिहायला निघाले तर नागदेवाचार्यांनी अडवलं. त्यानं आपल्या म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकतील, असा त्यांचा भाव होता. बघा माउली, आपल्या आजीचा सवाल सातशे वर्षांपूर्वी एका आचार्याला पडला होता, आणि त्यांनी आजीच्या बाजूनं निकाल दिला होता.

आणि त्याच पंथात पुढं काय घडलं? काळ वाईट आला. यादवांचं राज्य बुडालं, धावपळ झाली, मूळ लीळाचरित्राची पोथी हरवली. मग ज्यांना पाठ होतं त्यांच्या तोंडून ते पुन्हा लिहावं लागलं, म्हणून त्याचे निरनिराळे पाठ झाले. भीती बसली. बाहेरचे लोक टिंगल करतील, विटाळतील, बदलतील. मग त्यांनी ग्रंथ गुप्त लिपीत लिहायला सुरुवात केली. सकळ लिपी हे तिचं नाव. एका अक्षराच्या जागी दुसरंच अक्षर घालायचं. ज्याला किल्ली माहीत तोच वाचील. अशा आणखीही लिप्या केल्या.

याचा फायदा झाला का? झाला. आम्ही खोटं बोलणार नाही. सातशे वर्षांपूर्वीची बोलती मराठी त्या पोथ्यांत जशीच्या तशी राहिली. ह्या पोथ्या साधूंबरोबर पंजाब-पेशावरपर्यंत गेल्या आणि तिथंही जपल्या गेल्या. पण तोटा किती झाला तेही पाहा. महदाइसा ही मराठीतली आद्य कवयित्री, तिनं लग्नाचे धवळे रचले. आपल्याकडं लग्नात बाया जात्यावर, हळदीला गाणी म्हणतच आल्या, पण मराठीत पहिली काव्य करणारी बाई कोण, हे त्या बायांना शेकडो वर्षं माहीतच नव्हतं. इतिहासाचार्य राजवाड्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सकळ लिपीची किल्ली लोकांपुढं ठेवली, तेव्हा कुठं हा खजिना उघडला. आज रिद्धपूरला मराठी भाषेचं विद्यापीठ झालं, ते ह्याच खजिन्याच्या मानानं.

आणि एक मोठा तोटा. बंद दाराआड काय चाललंय हे दिसलं नाही की लोक वाटेल ते बोलतात. मानभाव म्हणजे महानुभाव. पण आपल्या भाषेत 'मानभावी' शब्दाचा अर्थ काय झाला? वरून गोड आणि आतून खोटा. एवढ्या अहिंसेनं, एवढ्या सोवळ्या मनानं राहणाऱ्या पंथाच्या नावाला असा अर्थ चिकटला. त्याला लोकांचा द्वेष कारण आहेच, पण ग्रंथ झाकलेले होते म्हणून खरं काय ते सांगायला साक्षीदार नव्हता, हेही खरं.

आता आपल्या घरात या. तुकोबारायांची गाथा. तिला तर बाहेरून कुलूप घालायला निघाले होते. तुला अधिकार नाही, म्हणून वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या. तेरा दिवसांनी वह्या तरल्या, हे आपण श्रद्धेनं सांगतो आणि सांगत राहू. पण कीर्तनकार म्हणून आम्ही त्याच्या जोडीला दुसरं एक तरणं सांगतो. तोपर्यंत तुकोबांचे अभंग पंचक्रोशीतल्या टाळकऱ्यांच्या तोंडात गेले होते. संताजी जगनाडे, जातीनं तेली, टाळ धरून मागं उभे राहायचे आणि अभंग लिहून ठेवायचे. त्यांच्या हातच्या वह्या आजही प्रमाण मानतात. ज्यानं वही बुडवायला लावली त्याला गळे कसे बुडवता येणार? आणि ज्या रामेश्वरभटांनी विरोध केला तेच पुढं तुकोबांचे शिष्य झाले. अभंग कानावर पडला म्हणूनच ना ते पालटले? पुढं १८६९ पासून इंदुप्रकाश छापखान्यात गाथा छापली गेली, आणि मुंबई राज्याच्या सरकारनं १९५० साली पुन्हा काढली, स्वस्तात. वेगवेगळ्या गाथ्यांत अभंगांची संख्या वेगवेगळी आहे, पाठभेद आहेत. त्यानं तुकोबा कमी झाले का? उलट चार प्रती समोर असल्यामुळंच आपण ताडून पाहू शकतो. एकच प्रत असती आणि तीच चुकली असती, तर चूक दाखवणार कोण?

हेच आपल्या जिल्ह्यात पाहा. सरदार सरोवराच्या पाण्यात अक्कलकुवा-धडगावकडची गावं गेली. मणिबेली गेलं. घरं गेली, शेतं गेली, देवाच्या जागा गेल्या. पण त्या आदिवासी भावांची गाणी, देवांच्या कथा वहीत नव्हत्या, तोंडात होत्या. त्या माणसांबरोबर बाहेर निघाल्या. एखाद्या घरातल्या एकाच कपाटात असत्या तर? आपल्या पखवाज्याला हे समजावून सांगावं लागत नाही. त्याच्या आजोबांनी ते डोळ्यानं पाहिलं आहे.

आम्ही शेतकरी. आम्हाला बियाण्याची भाषा कळते. चांगलं गावरान बी कणगीत ठेवलं, राख लावून ठेवलं, तरी दोन-तीन सालांत त्याला कीड लागते, उगवण जाते. बी उकिरड्यावर फेकलं तर पाखरं खातात. बी टिकतं ते पेरल्यानं. पेरताना वाण मिसळू नये म्हणून शेजारच्या शेतापासून अंतर राखावं लागतं, वेगळी झाडं दिसली तर उपटावी लागतात, कणसं निवडून बाजूला काढावी लागतात. ही सगळी राखणच आहे, पण उघड्या शेतातली. आणि पेरलं की बी एका घरात राहत नाही. शेजाऱ्याला पायली द्यावी लागते. आपलं पीक बुडालं तर त्याच शेजाऱ्याकडून परत मागता येतं.

बाबांच्या वहीला कसर लागली आहे, हे गेल्या पुण्यतिथीला आम्ही जवळून पाहिलं. कागद कडेनं भुगा होतो आहे. दोन-चार पानांवरची शाई पसरली आहे. आणखी दहा वर्षांनी आपण हार कशाला घालणार? रिकाम्या बासनाला?

तर ह्या सप्ताहात, विणा साक्षी ठेवून, आम्ही पंचमंडळींपुढं चार गोष्टी मांडतो. मान्य करा, नाही तर खोडून काढा, पण बोला.

पहिली, मूळ वही जिथं आहे तिथंच राहावी. ज्या घरानं सांभाळली त्याच घराचा तो मान. तो कोणी काढून घेऊ नये.

दुसरी, त्याच घरात बसून, घरच्यांच्या देखत, तिची प्रत उतरवावी. कॉलेजात शिकणारी आपली पोरं मोबाइलवर पानन्‌पान फोटो काढतील, एका दिवसाचं काम आहे. उतरवताना बाबांची ऱ्हस्व-दीर्घाची चूक सुद्धा सुधारू नये. जे अक्षर लागत नाही तिथं जागा मोकळी सोडावी, आपल्या मनानं भरू नये. एकनाथ महाराजांचा इशारा पहिल्या पानावर ध्यानात ठेवावा.

तिसरी, एक प्रत मठात, एक गावच्या शाळेत, एक महिला भजनी मंडळात, आणि मागील त्याला मागील तेव्हा. बाबांचे अभंग कोणी आपल्या नावावर म्हणू नयेत आणि कोणी विकू नयेत, एवढीच अट.

चौथी, चाली कागदावर नीट उतरत नाहीत. त्या जाणणारे आपल्यात तीन म्हातारे उरले आहेत, त्यातले एक आम्ही. उद्यापासून काकड्यानंतर तासभर आम्ही मंदिरात बसू. जो येईल त्याला शिकवू. पोरगा, पोरगी, सून, कोणत्या पाड्यावरचा, कोणत्या जातीचा, हे विचारणार नाही. बाकीचे दोघे पण येतो म्हणाले आहेत.

कोणी विचारील, सगळ्यांना वही मिळाली तर त्या घराचा मान काय राहिला? भाऊ, पंढरीचा पांडुरंग सगळ्यांना पायावर डोकं ठेवू देतो, त्यानं त्याचा मान कमी झाला का? १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण केलं, तेव्हा हरिजनांना मंदिराचं दार उघडलं. खानदेशात अंमळनेरला शिकवणारा तो माणूस, आपला माणूस. दार उघडल्यावर देव बाटला असं म्हणणारा आज कोणी उरला नाही. वहीचंही तसंच होईल.

बाबांनी अभंग कपाटासाठी केले नाहीत. वाटेवर, चिखलात, पाय दुखत असताना, मागच्या माणसाला पुढं यायला बळ मिळावं म्हणून केले. तो मागचा माणूस अजून चालतो आहे. त्याच्या हातात वही द्या, नाही तर निदान कानावर अभंग पडू द्या.

सप्ताहाच्या शेवटी काल्याचं कीर्तन आहे. काल्यात देव आपली शिदोरी सगळ्यांच्या शिदोरीत मिसळतो आणि मग सगळ्यांना वाटतो. काल्याच्या आधी पंचांनी निर्णय द्यावा, एवढी विनंती करून आमची सेवा थांबवतो.

बोला पुंडलिक वरदा हारी विठ्ठल. रामकृष्ण हरी.