जुन्या मेडिकल कॉलेजात शिकायचं ते कशासाठी?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय कळला तेव्हा मी संयोजकांना म्हटलं, अरे, आपल्या बॅचमध्ये चांगले डॉक्टर आहेत, त्यांना उभं करा, मी कॉम्प्युटरवाली. तिकडून उत्तर आलं, "डॉक्टरांना विचारलं की जो तो आपलंच कॉलेज सांगतो. तुझं कुठलंच नाही, म्हणून तू बोल." माझा अधिकार एवढाच, की गेली बारा वर्षं मी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. केसपेपर, वॉर्डातल्या खाटा, लॅबचे रिपोर्ट, असलं काम. त्यासाठी जुन्या-नव्या, सरकारी-खासगी अशा बऱ्याच मेडिकल कॉलेजांच्या ओपीडीत मी दिवसच्या दिवस बसले आहे. शिवाय माझी भाची मुंबईच्या एका जुन्या सरकारी कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. त्यामुळे ॲडमिशनच्या दिवसांत घराची काय अवस्था होते, तेही पाहिलं आहे.

नीटचा निकाल लागला की आपल्या ग्रुपवर दर वर्षी तोच प्रश्न येतो. मुंबई-पुण्याचं जुनं सरकारी कॉलेज मिळतंय, पण होस्टेल जुनाट, गर्दी फार, मुलगी घरापासून लांब. त्यापेक्षा धुळ्यातच ठेवू का? की शेत विकून, कर्ज काढून एखाद्या चकचकीत खासगी कॉलेजात घालू? साडेचार वर्षांचं शिक्षण, वर in एक वर्षाची इंटर्नशिप. प्रश्न पैशांचाही आहे आणि लेकराच्या आयुष्याचाही.

आधी 'जुनं' म्हणजे किती जुनं ते पाहू. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झालं. त्याला जोडलेलं हॉस्पिटल जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभं राहिलं, म्हणजे आपलं जे. जे. पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. भायखळ्याच्या म्युझियमला आज त्यांचंच नाव आहे. 'ग्रेज ॲनाटॉमी' हे पुस्तक मेडिकलच्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. त्याची चित्रं काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर १८५८ मध्ये मुंबईत आले आणि ग्रँटमध्ये शरीररचना शिकवू लागले. इथल्या रुग्णांमध्ये त्यांना कुष्ठरोग दिसला, पायाला होणारा 'मदुरा फूट' दिसला, आणि त्यावर त्यांनी पुढची अनेक वर्षं काम केलं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी याच कॉलेजात मिळालेल्या छोट्याशा जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली.

परळचं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम १९२६ चं. त्या काळी सरकारी मेडिकल कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या जागा बहुतेक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या इंग्रज अधिकाऱ्यांकडे जात. म्हणून सेठ गोवर्धनदासांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली, की इथे शिकवणारे भारतीयच असतील. पहिले डीन डॉ. जीवराज मेहता, तेच पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. पुण्याचं बी. जे. १९४६ चं, पण त्याला जोडलेलं ससून त्याच्या कितीतरी आधीपासून, १८६७ पासून आहे.

ही नावं मी भिंतीवरच्या तसबिरींसाठी घेतली नाहीत. कार्टर काय किंवा हाफकिन काय, त्यांचं काम उभं राहिलं ते दारात आलेल्या आजारी माणसांमुळे. जुन्या कॉलेजची खरी कमाई कोणती, तर लोकांचा विश्वास. आजी तिथे बरी झाली म्हणून आई तिथे जाते, आई बरी झाली म्हणून मुलगा जातो. पहाटेपासून केसपेपरच्या खिडकीवर रांग लागते. त्या रांगेत साधा खोकला असतो आणि डॉक्टरला आयुष्यात एकदाच दिसेल असा आजारही असतो. आमच्या धंद्यात टेस्टिंगला खोटा डेटा चालतो. मेडिकलला तो फार पुढे नेत नाही. शंभर निरोगी छात्या ऐकल्याशिवाय एकशे एकावी बिघडलेली आहे हे कानाला कळत नाही.

हे मी लिहून-वाचून शिकले नाही. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी धुळे-साक्री गाडीत त्यांच्याकडून तिकीट घेतलं असेल. २००३ मध्ये त्यांच्या रक्ताच्या आजाराचं निदान झालं आणि आम्ही त्यांना मुंबईच्या एका जुन्या हॉस्पिटलात नेलं. त्यांची प्लीहा इतकी वाढली होती की बेंबीच्याही खाली आली होती. रोज सकाळी सरांच्या मागे आठ-दहा विद्यार्थी यायचे आणि पाळीपाळीने वडिलांचं पोट तपासायचे. मला राग यायचा. आजारी माणूस आहे की प्रदर्शनातली वस्तू?

एके दिवशी एक मुलगा डाव्या बरगडीखाली हात ठेवून शोधत राहिला, त्याला काही लागेना. वडिलांनी त्याचा हात धरला, पार खाली उजवीकडे नेऊन ठेवला आणि म्हणाले, "बाळा, सुरुवात इथून कर, मग वर सरक." सर हसले आणि सगळ्यांना म्हणाले, आज यांनी शिकवलं ते लक्षात ठेवा. प्लीहा फार वाढली की तिची कड खालीच असते, वर शोधणाऱ्याला ती सापडत नाही. पोरं गेल्यावर मी कुरकुरले, तर वडील म्हणाले, "शिकू दे त्यांना. उद्या साक्रीला, शिरपूरला दुसऱ्या कोणाच्या पोटावर हात ठेवतील." दीड वर्षाने ते गेले. तो मुलगा आज कुठेतरी डॉक्टर असेल, आणि त्याचा हात योग्य जागेवरून सुरू होत असेल.

म्हणून माझं पहिलं उत्तर: जुन्या कॉलेजात जायचं ते रुग्णांसाठी, आणि त्यांच्या खाटेशी उभं राहून शिकवणाऱ्या माणसांसाठी. सरांना त्यांच्या सरांनी जसं शिकवलं, तसंच ते रेसिडेंटला शिकवतात. रात्री दोन वाजता रेसिडेंट तेच इंटर्नला शिकवतो. ही साखळी पैसे भरून विकत मिळत नाही.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर ही जाहिरात होईल. गर्दीच्या कॉलेजात मुलाच्या मागे कोणी लागत नाही. ज्याला शिकायचं आहे त्याला समुद्र आहे. ज्याला नाही, तो काठावर बसून पास होऊन जातो. होस्टेलच्या खोल्या लहान, मेसच्या जेवणाबद्दल न बोललेलं बरं. भाचीने पहिल्या सहा महिन्यांत तीनदा रडत फोन केला. आता दिवाळीलाही दोनच दिवस येते, "मावशी, वॉर्डातला एक पेशंट बघायचाय" म्हणते. आणि गरीब माणसाच्या शरीरावर आपण शिकतो, याचं भान सुटलं तर मुलगा हुशार होतो पण उद्धटही होतो. हे भान घरातूनच द्यावं लागतं.

आणि आता आपल्या गावाचं. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ चं. आपण तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. पुढे जळगावला २०१८ मध्ये सरकारी कॉलेज आलं, नंतर नंदुरबारला. धुळ्याचं कॉलेज २०२५ मध्ये छत्तीस वर्षांचं झालं. ग्रँट छत्तीस वर्षांचं होतं तेव्हा साल होतं १८८१, आणि हाफकिन मुंबईत यायला अजून पंधरा वर्षं होती. म्हणजे आपलं कॉलेज 'जुनं नाही' एवढंच. ते जुनं होण्याच्या वाटेवर आहे.

शिकायला रुग्ण पाहिजेत म्हटलं, तर इकडे काय कमी आहे? मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन हायवे आपल्याकडे एकमेकांना छेदतात, तिथले अपघात. कपाशीच्या फवारणीतली विषबाधा. पावसाळ्यातले सर्पदंश. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांमधला सिकलसेल. "डॉक्टरसाहेब, पोट दुखी राह्यनं" म्हणणाऱ्या म्हातारीशी अहिराणीत बोलून तिचा आजार काढून घेणं, हे मुंबईत शिकलेल्याला इथे येऊन नव्याने शिकावं लागतं.

तेव्हा कोणी विचारलंच तर माझं सरळ मत असं. नंबर लागत असेल तर जुन्या कॉलेजात जरूर पाठवा, लांब म्हणून सोडू नका. धुळे मिळालं तर तोंड पाडू नका. पण शेत विकून अशा ठिकाणी घालू नका, जिथे फरशी चकचकीत आणि वॉर्ड रिकामे. ॲडमिशनआधी एक दिवस काढा आणि स्वतः जाऊन बघा. वेबसाइट बघू नका. आम्हीच बनवतो त्या. सकाळी दहाला ओपीडीत किती माणसं आहेत? वॉर्डात राउंडला सर स्वतः येतात का? विद्यार्थी खाटेजवळ उभे आहेत की भिंतीला टेकून मोबाइलवर? तिसऱ्या वर्षाच्या मुलाला विचारा, या आठवड्यात तू किती पेशंटशी बोललास? तो अडखळला तर समजून घ्या.

आणि एक मागणं. आपल्या बॅचच्या डॉक्टरांकडे आणि ज्यांची मुलं डॉक्टर होणार आहेत त्यांच्याकडे. मोठ्या जुन्या कॉलेजात शिका, पण तुमच्यातल्या एखाद-दुसऱ्याने इकडे येऊन शिकवा. कॉलेज वर्षं भरली म्हणून जुनं होत नाही, शिकवणारे टिकले म्हणून होतं. आपली शाळा तरी दुसऱ्या कशाने मोठी झाली? हे सर, या बाई दुसरीकडे निघून गेल्या असत्या, तर आज मी इथे चार वाक्यं धड बोलू शकले नसते.